आधी अक्का बसवायची

"आधी अक्का बसवायची, मॅडम. त्याशिवाय पुढचं काही होत नाही," म्हणत चंदननं नव्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड महानंदापुढे सरकवला.

तिचा हात अर्ध्यावर थांबला.

"कोण अक्का?"

"देवी आहे आमची. अक्का नावाचं खातं उघडायचं, त्यात सगळी टूल्स टाकायची, मग बिल्ड चालते. ऑफिसातल्या झाडून सगळ्या मशीनवर ती आहे. आयुधपूजेला श्रीकांत सर पहिलं कुंकू तिलाच लावतात."

यशवंतपूरच्या मार्केट यार्डामागची ही छोटी कंपनी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवत असे. काट्याच्या पोटातला प्रोग्रॅम मालक श्रीकांतनं कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या सामानातून उचलला होता. दोन-तीन हातांतून फिरून आलेला. मूळ कुणाचा, ते इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता देवनहळ्ळीचं एक मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं, पण ते आपल्या मशीनवर परकं खातं उघडू द्यायला तयार नव्हतं. अक्काशिवाय बिल्ड चालवून, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधून दाखवायचा, हीच महानंदाची परीक्षा होती.

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा तिनं काम सोडलं होतं. ते गेले, मुलगी मोठी झाली, आणि तिनं पुन्हा अर्ज पाठवायला सुरुवात केली, तर जो तो मधल्या रिकाम्या वर्षांवर बोट ठेवी. सकाळी श्रीकांत मात्र म्हणाला होता, "गॅप मला चालते. बिल्ड चालली पाहिजे."

तिनं बिल्डची स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचनांची फाइल, उघडली. वरून चौथ्या ओळीत लिहिलं होतं की टूल्सचा पत्ता कुणी दिला नसेल, तर ती अक्काच्या फोल्डरात शोधावीत. शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा होता : नंतर बदलणे.

महानंदानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"बघा की, आपल्यातलीच कोणीतरी असणार," चंदन म्हणाला. तो सीमाभागातल्या अथणीचा, घरी मराठीच. ती निपाणीची आहे हे कळल्यापासून त्यानं हिंदी सोडून मराठी धरली होती. "'नंतर बदलणे' म्हणून गेली ती गेलीच. कुठं भेटली तर विचारणार आहे, अक्का, नंतर म्हणजे कधी हो?"

महानंदानं स्क्रिप्ट आणखी खाली सरकवली. काम सोडण्याआधी ती होती त्या येलहंक्याच्या ऑफिसात वॉचमनपासून साहेबापर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत; मशीनवरचं खातंही त्याच नावाचं. हजेरीपटावर सोडलं तर तिचं नाव कुठंच नव्हतं. शनिवारी ही ओळ नीट करायची, असं तिनं ठरवलं होतं. गुरुवारी दवाखान्यातून फोन आला.

"तुम्ही काय काय करून बघितलंत?" तिनं विचारलं.

"वेगळी स्क्रिप्ट लिहिली. तिच्यात टूल्सचा पत्ता सेट केला, ती चालवली. मग बिल्ड लावली, तर ही बया परत अक्काच्याच दारात."

"ते त्या स्क्रिप्टपुरतंच सेट झालं. ती संपली, तिच्याबरोबर तेही गेलं. वरच्याचं खालच्याला मिळतं, खालच्याचं वर जात नाही."

"म्हणजे?"

"तू इथं पीजीत पंखा लावलास, तर अथणीत आईला वारं लागतं का?"

"नाही लागत," चंदन हसला. आपण 'तू'वर आलो हे तिच्या लक्षात आलं. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"म्हणून पत्ता बिल्डच्या स्क्रिप्टनंच सेट करायचा, आतल्या आत. आपल्याला कुठं ठेवलंय ते तिनं स्वतः बघायचं आणि तिथूनच टूल्स शोधायची. मग मशीन कुणाचीही असो."

तिनं टूल्स स्क्रिप्टच्या शेजारी आणून ठेवली, चौथी ओळ खोडून नवी लिहिली आणि बिल्ड लावली. पडद्यावर लाल अक्षरं आली. टूल्स सापडली नाहीत.

केबिनच्या काचेआडून श्रीकांतनं मान वर केली. चंदन हळूच म्हणाला, "सरी बिडी, मॅडम, जाऊ दे. अक्का बसवू. सरांना मी सांगतो."

"स्वल्प थांब."

ती ओळीकडे बघत राहिली. बोटं नकळत टेबलावर चालू लागली, हरवलेली वस्तू चाचपावी तशी. मग ती पुढे वाकली. पत्ता तिनं सेट केला होता, पण खालच्या प्रोग्रॅमना सोपवला नव्हता; वरच्यानं सोपवलं तरच ते खालच्याला मिळतं. स्क्रिप्टनं स्वतःशीच ठेवला होता. ओळीच्या आधी तिनं पुढे सोपवण्याचा एकच शब्द घातला : export.

या वेळी ओळी सरसर वर सरकत गेल्या आणि शेवटी हिरवा शब्द उमटला. चंदननं स्वतःच्या मशीनवरचं अक्काचं खातं पुसलं आणि तिथंही बिल्ड लावली. चालली.

श्रीकांत बाहेर येऊन दोन्ही पडदे पाहून गेला. दारातून म्हणाला, "चंदन, यांचं खातं उघड. सोमवारपासून येतील."

चंदननं कीबोर्ड ओढला. "अक्का हे नाव आता मोकळं झालंय, मॅडम. तेच देऊ?"

हसून सोडून देता आलं असतं. महानंदानं मांडीवरची पर्स उचलून टेबलावर ठेवली.

"नको. ते वापरून झालंय माझं. येलहंक्याला, चार वर्षं."

चंदनची बोटं जागच्या जागी थांबली. श्रीकांत दारातून मागे वळला.

"तू विचारणार होतास ना, नंतर म्हणजे कधी?" ती म्हणाली. "आज."

खाली यार्डात कुणीतरी कन्नडमध्ये कांद्याचा भाव पुकारत होतं. श्रीकांतनं तिच्याकडे पाहिलं, मग ओळीनं मांडलेल्या मशीनींकडे. प्रत्येकीच्या कपाळावर गेल्या दसऱ्याचं कुंकू वाळलेलं होतं.

"इतकी वर्षं पूजा केली," तो म्हणाला, "आणि सकाळी तुम्हाला साधा चहाही विचारला नाही. चंदन, थांबलास का? उघड की खातं."

"कुठलं नाव घालू, अक्…" चंदननं जीभ चावली.

"महानंदा. पूर्ण लिही."

त्यानं एकेक अक्षर टाइप केलं. पासवर्डची चौकट आली, तसा त्यानं कीबोर्ड तिच्याकडे सरकवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.