चाळिसावा नमुना

कोल्ह्यांचा ताप मांजरांत उतरतो का, आणि मांजरांतून माणसांत, हे शोधण्यात त्याची सहा वर्षं गेली होती. कोल्ह्यांच्या रानालगत कचऱ्याचे ढीग होते. तिथल्या एकोणचाळीस मांजरांच्या घशातले नमुने त्यानं आणले. चाळिसावा नमुना तुलनेसाठी निरोगी मांजराचा हवा होता. तेवढ्यासाठी कोण वणवण करणार? त्यानं घरच्याच मांजरीच्या घशातून काडी फिरवली.

मंगळवारी दुपारी निकाल आला. एकोणचाळीस नमुने कोरे, चाळिसावा पॉझिटिव्ह. त्यानं चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

रानातून आल्यावर तो बूट दारातच काढायचा आणि मांजर त्यांवरच लोळायची. सासूबाई तर रविवारपासून खोकत होत्या.

चाळिसावं मांजर कुणाचं, हे प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नव्हतं. नमुन्याची नळी फेकली, शेजाऱ्यांच्या बोक्याचा नमुना घेतला, तर प्रश्न मिटत होता. त्यानं नळी परत जागेवर ठेवली. मग घरी फोन लावला.

“आई, मांजर कुठंय?”

“माझ्या मांडीवर. जावईबापूंना आज बरी आठवण झाली तिची.” हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

उबळ थांबल्यावर त्यानं सगळं सांगितलं, बुटांसकट. पलीकडून मांजरीची घरघर ऐकू येत होती. ती मांजर त्याच्या बायकोची. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

“तिला नेतील?”

“हो. आरोग्य खात्याची गाडी येईल. तुम्हालाही तपासायला नेतील.”

“मी आतून कडी लावून घेते. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी आत बसू,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तुमचं काम करा. आणि ते बूट घरात आणू नका. लेक माझी सांगून सांगून थकली होती.”

फोन ठेवून त्यानं नोंदीचा कागद ओढला. नमुना क्रमांक चाळीस. ‘ठिकाण’ या रकान्यात आजवर त्यानं रानं, नाले, उकिरडे लिहिले होते. आज घरचा पत्ता लिहिला. ‘संपर्कातली माणसं’ : दोन. सासू, वय बहात्तर, खोकला रविवारपासून.

दुसरं नाव स्वतःचं लिहिताना त्यानं आवंढा गिळला. घसा दुखतोय का, ते पाहायला परत एकदा गिळला.