सातवा गट

बायको कामाला जायची दुपारी, आणि मेकॅनिकची कैद असायची सकाळी. सात ते बारा, गॅलरीत, स्टुलावर. समोर तिच्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी चार्जिंगला लावलेली, आणि दर दहा मिनिटांनी डब्याबाहेर काढलेल्या बारीक तारांना मीटर टेकवून तिच्या दहाच्या दहा गटांचे व्होल्ट बघायचे. पाच महिने झाले, एक सकाळ चुकली नव्हती.

बरं, हे दुखणं त्यानं आपल्या हातानं ओढवून घेतलेलं, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. दुकानातली बॅटरी परवडेना. हा पंचवीस वर्षं लोकांचे टीव्ही उघडत आलेला माणूस. म्हणाला, हात्तिच्या, त्यात काय एवढं! जुन्या लॅपटॉपमधले चाळीस सेल जमवले, चार-चारचे दहा गट केले, पट्ट्या जोडल्या, डबा बंद. पण बायकोनं आधीच बजावलं होतं, "घरी काही जोडाजोडी करायची नाही हं." म्हणून पठ्ठ्यानं डब्यावर कुठल्याशा कंपनीचं झकास स्टिकर चिकटवलं आणि ओळखीच्या दुकानदारानं स्वस्तात दिली म्हणून ठोकून दिली.

पहिल्याच आठवड्यात आतलं संरक्षणाचं सर्किट मेलं. तेही फालतूतलं फालतू घेतलेलं, मरणारच की! कुठलाही गट भरला की चार्जिंग तोडायचं, हे त्याचं काम. यानं त्याला वगळून वायर सरळ जोडून टाकली, तात्पुरती म्हणून. नवीन बसवायचं तर सगळी जोडणी उसवायला हवी, दोन दिवस सायकल बंद, आणि बायकोला रजा मिळेना. शिवाय तिनं विचारलंच असतं, दुकानात का नेत नाही? झालं, बसला अडकून. सातव्या गटातले सेल थकलेले. ते सगळ्यांच्या आधी भरायचे, आणि चार्जर मात्र त्यांच्यात वीज कोंबतच राहायचा. अति झालं की असे सेल पेटच घेतात. आकडा हद्दीला टेकला की हा प्लग काढणार, सातव्याला छोटा दिवा जोडून थोडी वीज उतरवणार, पुन्हा प्लग लावणार.

"महागाची वस्तू आहे, लक्ष ठेवलेलं बरं," असं त्यानं बायकोला सांगून ठेवलं होतं. तिला आधी कौतुक वाटलं, मग काळजी वाटायला लागली. त्याची थोरली बहीण घर बदलत होती. आई गेल्यावर तिनंच याला लहानाचं मोठं केलेलं. तिनं तीनदा सकाळी मदतीला बोलावलं, तीनदा यानं थाप मारली. शेवटी ती म्हणाली, "राहू दे रे बाबा, तू आता मोठा माणूस झालास."

सोमवारी बायकोची ड्युटी सकाळची लागली. चार्जर पिशवीत टाकून ती दारात उभी राहिली.

"अहो, आजपासून तुमची सुटका!" ती हसत म्हणाली. "आमच्या मेट्रनबाईंना विचारलंय. कंपनीची बॅटरी म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या. पोचले की जिन्याखालच्या खोलीत लावते. तुम्ही ताईंकडे जा."

ती वृद्धाश्रमात काम करायची. त्या जिन्यानं वर गेलं की नऊ म्हातारी माणसं, त्यातली सहा उचलल्याशिवाय हलत नसत.

मेकॅनिकनं तोंड उघडलं. आत्ताच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा काही खुलला होता की त्याची जीभच उचलेना. "सावकाश जा," एवढंच तो बोलला. भेकड मेला!

ताईकडे तो खोकी उचलत होता, पण डोक्यात घड्याळ चालू. आठला पोचली. सव्वाआठला लावली. अर्धी भरलेली होतीच, म्हणजे साडेदहाला सातवा हद्द ओलांडणार.

"अरे, घाम बघ किती आलाय," ताई म्हणाली. "बस जरा."

बसतो कसला! ड्युटीवर बायकोचा फोन कपाटात असायचा. त्यानं दहा वेळा लावला, नुसता वाजत राहिला. सव्वादहाला त्यानं आश्रमाचाच नंबर फिरवला. मेट्रनबाईंनी उचलला.

"बाई, जिन्याखाली बॅटरी लावलीय ना, तिचा स्विच बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"का हो? कंपनीची आहे ना?"

हो म्हणावं तर वरची नऊ माणसं, नाही म्हणावं तर बायकोची नोकरी. एखादी थाप सुचते का, हे त्यानं चाचपून पाहिलं. पाच महिने सुचत आली होती, आज सुचली नाही.

"नाही. मी घरी बनवलीय. पेट घेईल ती. बाई, हिला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही!"

तिकडे रिसीव्हर टेबलावर आदळला. धावपळ ऐकू आली, खुर्ची पडली, कुणीतरी त्याच्या बायकोला हाक मारली. मेकॅनिक फोन कानाला घट्ट धरून उभा राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग रिसीव्हर कुणीतरी उचलला.

"स्विच बंद केला," बायकोचा आवाज आला. "डबा तापून फुगलाय. मीच उचलून मैदानात नेऊन ठेवला."

"भाजलं का गं?"

"तुम्ही रोज तिच्यावर पहारा करत होता," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला भीती वाटत होती. आणि पहारा संपला की मला तिच्यावर बसवून पाठवत होता."

"अगं, ऐक तरी..."

"बाईंनी ऑफिसात बोलावलंय. मला माहीत नव्हतं म्हटलं तर त्यांना खरं वाटणार नाही."

"मी येतो. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही सांगणार?" ती म्हणाली. "तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

आणि तिनं रिसीव्हर ठेवला.