चक्कीचे चौदा नियम

चौथ्यांदा बटण दाबले तेव्हाही सिंकखालच्या यंत्राने तोच आवाज काढला. दाढ ठणकणाऱ्या माणसाने तोंड मिटून कण्हावे तसा. आतले काही फिरले नाही. गिरिधररावांनी बटण बंद केले, नियमाप्रमाणे भिंतीतली पिनही काढली आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या दोघींकडे अशा मुद्रेने पाहिले की त्यांतल्या एकीने तरी तत्काळ गुन्हा कबूल करावा.

दोघींपैकी एक त्यांची पत्नी शरयू; गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते, म्हणून ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. दुसरी दैवशाला, अकरा वर्षे या घरी धुणेभांडी करणारी, आणि शस्त्रक्रियेनंतर तर शरयूला आंघोळीला बसवण्यापासून कुकर लावण्यापर्यंत सारे काही तिच्याच हातावर चाललेले.

यंत्र घरात येण्याचे कारणही तो गुडघाच होता. जालन्यातले हे घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, घंटागाडी सकाळी सातला येणार आणि दैवशाला नऊला. ओल्या कचऱ्याची बादली खाली न्यायची कोणी, या प्रश्नावर पुण्याच्या मुलाने, पार्थने, उत्तर म्हणून हे यंत्र पाठवले. सिंकच्या तोंडाशी ते बसवायचे. उष्टे-खरकटे आत सोडले की त्याचा बारीक लगदा करून ते पाण्याबरोबर नळीवाटे लावून देते. दैवशालाने पहिल्याच दिवशी त्याचे नाव चक्की ठेवले. गिरिधररावांना ते नाव मुळीच मान्य नव्हते, पण त्यांनी सुचवलेले 'अन्नावशेष-चूर्णयंत्र' हे नाव त्यांच्याखेरीज कोणी एकदाही उच्चारले नाही.

विमा कंपनीत चौतीस वर्षे ज्याने प्रत्येक करारातले शेवटचे कलमही वाचून काढले, त्या माणसाने माहितीपत्रक न वाचता यंत्राला हात लावणे शक्यच नव्हते. गिरिधररावांनी त्या पत्रकाचे शुद्ध मराठीत चौदा नियम केले, प्लॅस्टिकच्या आवरणात घातले आणि सिंकवरच्या फरशीवर डकवले. प्रथम थंड पाणी सोडावे, तदनंतरच कळ दाबावी. अवशेष एकदम न लोटता मूठमूठ सोडावेत. तेल, तूप, साय यांस मज्जाव. यंत्र थांबल्यावरही वीस अंक मोजेपर्यंत पाणी वाहते ठेवावे. आणि नियम चौथा, ज्याखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ होती: शेंगांची चिपाडे, कणसांचे केस, दोरा, धागा अथवा तत्सम कोणताही तंतुमय पदार्थ कदापि आत सोडू नये.

"तंतू," गिरिधरराव म्हणाले. "आत तंतू अडकला आहे. चौथा नियम. परवा कणसं कोणी सोलली?"

"म्या सोलली," दैवशाला म्हणाली. "अन् केसं पिशवीत भरून, गाठ मारून मीच खाली नेऊन टाकली. काकूंना इचारा."

"नेलीन हो तिने. माझ्यासमोर," शरयू म्हणाली.

"सगळी? एकही केस इथे राहिला नाही, असं छातीठोक सांगता येईल?"

"अहो, कणसाचे केस मोजून सोलायचे असतात का?"

"मोजायला कोण सांगतंय? मी सावधगिरीबद्दल बोलतोय. बरं, भांडी घासायचा तो काथ्या? त्याचे तुटके धागे कुठे जातात?"

दैवशालाने हातातला काथ्या त्यांच्यापुढे धरला. "काका, रोज तेच बोलून राह्यले तुम्ही. पानी जास्ती सोडलं, पानी कमी सोडलं, कळ अगोदर दाबली, कळ मागून दाबली. नळ आठ दिसाला येतो, तवा पानी जपा म्हन्ता, अन् चक्कीला वीस आकडे पानी सोडा म्हन्ता. मंग मी करू तरी काय?"

"दोन्ही विधानांत काहीच विसंगती नाही. काटकसर आणि कंजूषी यांत—"

"हिनं काही टाकलेलं नाही, एवढं बोलून विषय संपवा ना," शरयू मध्येच म्हणाली.

इथे विषय संपवला असता तर पुढचे काही घडले नसते. पण मुद्दा अर्धवट सोडणे हा गिरिधररावांचा स्वभाव नव्हता. "या घरात सिंकशी उभी राहणारी व्यक्ती एकच आहे," ते म्हणाले. "यंत्र आपण होऊन धागा गिळत नाही. तेव्हा अनुमान काय निघतं, ते मी सांगायला नको."

दैवशालाने काथ्या ओट्यावर ठेवला. हात धुतले, नळ बंद करताना तो टपकत नाही ना, हेही पाहिले. पदराला हात पुसत ती शरयूला म्हणाली, "काकू, गोळ्या डब्यात काढून ठिवल्या हायेत. सकाळच्या पांढऱ्या. उद्यापासून दुसरी बाई बघा." आणि गिरिधररावांकडे न पाहता जिना उतरून गेली.

शरयू खुर्चीचा आधार घेत नवऱ्याकडे वळली.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" शरयूने विचारले. "सहा महिने ओट्याशी उभं राहायचं नाही. उद्यापासून भांडी कोण घासणार आहे? तुमचे चौदा नियम?"

"दोष सिद्ध झाला की ती स्वतःच कबूल करेल."

"मग करा सिद्ध. मी बॅटरी धरते."

गिरिधररावांनी अडलेले यंत्र सोडवण्याचा अकरावा नियम वाचला, जरी तो त्यांना पाठ होता. यंत्राच्या बुडाशी षटकोनी किल्ली घालून त्यांनी ती डावीकडे फिरवली, जरा हलली. उजवीकडे फिरवली, अडली. सिंकच्या तोंडावरचे रबर त्यांनी बाजूला केले, लांब चिमटा घेतला (हात आत घालणे बाराव्या नियमाने वर्ज्य होते) आणि शरयूने धरलेल्या उजेडात ते वाकून पाहू लागले. नवे जानवे मानेला टोचत होते. चारच दिवसांपूर्वी श्रावणीला ते बदलले होते, आणि कोऱ्या सुताचा तो काच अजून गेला नव्हता. त्यांनी ते सदऱ्याखाली सारले आणि चिमटा फिरवला.

प्रथम कांद्याचे एक साल आले. मग चिमट्याला काही तरी लागले, ताणले आणि सुटेना. त्यांनी किल्ली मागे फिरवली, पुन्हा चिमटा लावला आणि हळूहळू ओढले. चकतीभोवती आवळून बसलेला धागा वेढ्या-वेढ्याने उलगडत वर आला. करडा, चिकट, भाजीच्या लगद्याने माखलेला. "बघ!" गिरिधरराव विजयाने म्हणाले. "तंतू! मी काय म्हणत होतो?"

शरयूने बॅटरी जवळ नेली. धागा एक नव्हता. तीन पदर होते, आणि ते एका ठिकाणी एकत्र येऊन त्यांची गाठ झाली होती. नीट बांधलेली, घट्ट, आतल्या कशालाच न जुमानलेली ब्रह्मगाठ.

"ही गाठ दैवशालाने मारली काय हो?" शरयूने विचारले.

गिरिधररावांना सारे आठवले, आणि आठवल्यावर आणखी वैताग आला तो हा की त्यांचा युक्तिवाद अजूनही त्यांना बिनतोड वाटत होता. जुने जानवे पाण्यात विसर्जन करायचे, कचऱ्यात नाही. दरवर्षी ते मोती तलावावर जात. यंदा श्रावणीच्या दिवशी त्यांनी विचार केला: तलावात ते काठाशी येऊन कोणाच्या तरी पायाखाली जाणार; त्यापेक्षा यंत्र लिंबाच्या सालीने स्वच्छ करून, नळ आलेला असताना, ताज्या वाहत्या पाण्यात त्याचे चूर्ण होणे अधिक शास्त्रशुद्ध नव्हे काय? त्या दिवशी यंत्र सुरळीत फिरले होते आणि धागा दिसेनासा झाला होता. हे विसर्जन होते. कचऱ्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि म्हणून चौथ्या नियमाशीही तो त्यांच्या मनात जोडला गेला नव्हता.

"ती गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

"धागा तोच," शरयू म्हणाली. "जा खाली. पहिल्या मजल्यावरच्या घरी भांडी घासत असेल. आणि भाषण करू नका."

दोन मजले उतरताना त्यांनी तीन वाक्ये तयार केली. पहिल्यात वस्तुस्थिती होती, दुसऱ्यात खेद, तिसऱ्यात भविष्यकालीन दक्षता. दैवशाला त्या घरातून बाहेर पडून चपला घालत होती. गिरिधररावांनी पहिले वाक्य अर्धे म्हटले असेल.

"जानवं निघालं ना?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"पुनवंला तुम्ही टाकताना पाह्यलं की. मागं कपडे वाळू घालून राह्यले व्हते मी."

"मग तिथेच का नाही सांगितलंस? एवढं ऐकून का घेतलंस?"

"काय सांगू? काकांचं जानवं खरकट्यात हाये म्हनून काकूंपुढं सांगू? मला बोललं तर बोललं. तुमचं देवाचं व्हतं ते."

तयार केलेल्या वाक्यांपैकी एकही आता कामाचे नव्हते. "माझी चूक झाली, दैवशाला," गिरिधरराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारले नव्हते. "उद्या ये."

"यीन. पर एक बोली."

"कागद काढून टाकतो. फक्त तो पक्का चिकटवला आहे, फरशीचा तुकडा—"

"कागद राहू द्या. मला वाचता येतंय. तुम्ही वाचून दाखवायचा न्हाई. बिलकुल."

ते कबूल झाले. संध्याकाळी स्वच्छ धुतलेले जुने जानवे पानात गुंडाळून ते मोती तलावावर जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दैवशाला आली. गिरिधरराव बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. शेजारी शरयू पाय लांब करून बसली होती. आतून अगोदर पाण्याचा आवाज आला, मग कळ दाबल्याचा. चक्की घुरघुरली, मूठमूठ करीत खरकटे गिळत गेली आणि थांबली. आता वीस अंक. गिरिधरराव मनात मोजू लागले. चौदाला नळ बंद झाला.

त्यांनी वर्तमानपत्र खाली केले. तोंड उघडले. शरयूने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले.

"काही म्हणालात?"

"नाही," गिरिधरराव म्हणाले. आणि उरलेले सहा अंक त्यांनी तोंड मिटून पुरे केले.