पेशंटच्या तुम्ही कोण?

"पेशंटच्या तुम्ही कोण?"

"जनरल सेक्रेटरी," शिबिला म्हणाली.

 कोविड वॉर्डाच्या टेबलावरच्या बाईंनी आजवर मुलगा, सून, मेहुणा, शेजारी असं सगळं ऐकलं असणार. हे नवीन होतं.

"कसल्या?"

"कॉलेज युनियनच्या. पेशंटचा मुलगा आमचा चेअरमन आहे. मॅडम, एवढंच करायचंय, तुमच्याकडे त्याचा मोबाईल नंबर लिहिलाय ना, तो खोडून माझा लिहा."

"नातेवाइकाला फोन करायला सांग पोरी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळपासून लावून लावून लागलेला फोन होता तो. शिबिलाने मोबाईल उशीवर आदळला. जमिनीवर आदळण्याची सोय नव्हती, दुकानं बंद होती.

तसं पाहिलं तर ती जनरल सेक्रेटरीही उरली नव्हती. केरळातल्या मलप्पुरमच्या त्या टेकडीवरच्या सरकारी कॉलेजात युनियन निवडून आली होती ती एका वर्षासाठी. वर्ष संपायच्या आधी कॉलेजला कुलूप लागलं, पुढे निवडणुकाच झाल्या नाहीत, त्यामुळे यांना घरी बसवायला नवीन कोणी आलंच नाही. युनियनची खोली बंद, शिक्का कुठल्या तरी खणात, आणि पोरांच्या तोंडी मात्र अजून चेअरमन आणि जनरल सेक्रेटरी. परीक्षेचं केंद्र कुठलं, विचारा शिबिलाला. ऑनलाइन वर्गासाठी मोबाईल नाही, सांगा चेअरमन श्रीरागला. प्राचार्यांचा फोन लागत नसे, पण या दोघांचा लागे.

त्यातून दोघे एकाच संघटनेचे असते तर गोष्ट वेगळी. मतदारांनी गंमत केली होती. चेअरमन एका झेंड्याचा आणि जनरल सेक्रेटरी दुसऱ्याची. कॉलेज चालू होतं तोवर दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. कलामहोत्सवात कोणाच्या भाषणाच्या वेळी कोणी माइकची वायर काढली, यावर तर तीन महिने भांडण चाललं होतं. मग कुलूप लागलं, आणि सगळ्या कॉलेजात आपल्यासारखी दशा फक्त त्या एका माणसाची आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं. इतर पोरांनी आपली रडगाणी यांच्याकडे आणावीत. यांनी कोणाकडे जावं?

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. शिबिलाचे आजोबा गेले तेव्हा तोंडसुद्धा न दाखवता स्वयंसेवकांनी त्यांना पांढऱ्या पिशवीतून नेऊन पुरलं. त्या आठवड्यात येईल जाईल तो तिला धीर देत होता आणि ती ऐकून ऐकून विटली होती. श्रीरागने धीर दिला नाही. त्याने रोज फोन करून माइकच्या वायरीचं भांडण उकरून काढलं. "तुमच्याच पोरांनी काढली, कबूल कर." ती ओरडायची, तो ओरडायचा, मग ती जेवायला जायची. तिची उम्मा, म्हणजे आई, म्हणायची, "हा मुलगा फोन करतो तेव्हाच ही दोन घास खाते, पण नेमकं याचं नि हिचं काय बिनसलंय?"

आता पाळी श्रीरागची होती. त्याची अम्मा, सौदामिनी, सहा दिवसांपूर्वी अॅम्ब्युलन्समधून हॉस्पिटलात गेली. बाप सौदीत, दम्मामला अडकलेला. घरात हा एकटा, तोही पॉझिटिव्ह, बाहेर पाऊल टाकायची बंदी. हॉस्पिटलमधून दिवसातून एकदा, कधीही, लँडलाइनवरून फोन येई. आईची काय खबर ती तेवढीच. आपण उलटा फोन करावा तर कोणी उचलेल तर शपथ. आणि काल तो फोन त्याच्या हातून गेला.

गेला, कारण पोस्टर.

आमच्याकडे पोस्टरशिवाय पान हलत नाही. कोणी पास झालं, पोस्टर. कोणी वारलं, पोस्टर. पहिल्या लॉकडाऊनमध्ये श्रीरागच्या संघटनेने त्याचं पोस्टर काढलं होतं. वर वळलेली मूठ, मध्ये त्याचा फोटो, खाली 'रात्री-अपरात्री केव्हाही हाक मारा, आम्ही आहोत' आणि त्याचा स्वतःचा नंबर. तेव्हा कोणाला वाटलं होतं की हे वर्षभर चालेल? मोबाईलवरून सुटलेलं पोस्टर माघारी कोण बोलावणार? दुसरी लाट आली तोवर ते पालक्काडला पोचलं होतं, दुबईला पोचलं होतं. कोणाला बेड हवा, कोणाला ऑक्सिजन, कोणाला नुसती चौकशी. सगळेच नंबर अनोळखी, त्यात हॉस्पिटलचा कुठला हे कसं ओळखायचं? काल एका म्हाताऱ्याला अॅम्ब्युलन्स मिळवून देता देता कानात टुकटुक वाजलं, आणि फोन संपवून बघतो तर लँडलाइनचा नंबर, म्हणजे हॉस्पिटल.

"तुझ्या जागी मी असते तर म्हाताऱ्याचा फोन कट केला असता," शिबिला त्याला म्हणाली होती.

"केला नसतास."

"बरं, नसता केला. आता काय करायचं?"

तिने सरळ उपाय काढला होता. नवीन पोस्टर, त्यावर तिचा नंबर. बेडवाले तिच्याकडे येतील, श्रीरागचा फोन मोकळा. रात्रीच दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना कळवलं. श्रीरागचे जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "आपल्या पोस्टरवर त्यांच्या पोरीचा नंबर? अगं, निवडणुका कधी ना कधी होणारच आहेत." शिबिलाचे साहेब म्हणाले, "त्यांची हमाली आपण का करायची? आपलं वेगळं पोस्टर काढू, फोटो पाठव चांगला." एक बाई तिकडे श्वासासाठी तडफडते आहे आणि यांना फोटो हवा! शिबिलाला इतका संताप आला की तिने दोन्ही साहेबांना एकाच वेळी ब्लॉक केलं. झेंडे वेगळे असले तरी तेवढी समानता तिने पाळली.

मग तिने जे केलं ते पुढाऱ्याच्या जातीला शोभेल असंच केलं. बोलून प्रश्न सुटतो, यावर या लोकांचा भाबडा विश्वास असतो. तिने मन लावून एक आवाजी निरोप तयार केला आणि पहाटे कॉलेजच्या सगळ्या गटांवर टाकला. 'आपल्या श्रीरागची अम्मा वॉर्डात आहे. तो एकटा आहे. कृपा करून त्याला फोन करू नका, काही लागलं तर मला करा.' शेवटी तिला रडू फुटलं होतं. तो भाग तिने कापला नाही.

पोरांनी तो ऐकला. पोरांना वाईट वाटलं. आणि झाडून सगळ्यांनी श्रीरागला धीर द्यायला फोन केला.

पहिल्या वर्षाच्या पोरींनी केला, कँटीनवाल्या चेट्टादादाने केला, ग्रंथपालांनी केला. माइकची वायर काढणाऱ्या पोराने केला आणि रडत रडत गुन्हाही कबूल केला. कोणीतरी उत्साहाने पोस्टर केलं, 'अम्मा, लवकर बऱ्या व्हा.' जुनाच साचा घेतला होता, त्यामुळे खाली श्रीरागचा नंबर जसाच्या तसा.

"काय केलंस हे?" मधल्या एका फटीत सापडला तेव्हा श्रीराग म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "दर मिनिटाला एक जण मला सांगतोय, सगळं ठीक होईल. मीसुद्धा वर्षभर लोकांना हेच सांगत होतो का ग?"

"हेच सांगत होतास. ते जाऊ दे. हॉस्पिटलचा फोन माझ्याकडे वळवू या. मला कोणी फोन करत नाहीये, उम्माच्या बहिणी सोडल्या तर. मी उचलेन नि तुला लगेच कळवेन. सकाळी मी विचारलं, पण त्यांना नातेवाईक लागतो."

"मग हो नातेवाईक."

"कोण होऊ?"

"मुलगी हो. मुलीला जास्त नीट सांगतात." मग खोकला. "फक्त एक अडचण आहे. बहिणीशी राजकारणावर भांडता येत नाही."

"येतं. तुला बहीण नाही म्हणून माहीत नाही."

दुपारी पुन्हा फोन लागला. त्याच बाई.

"सौदामिनी, बेड बदललाय का तेवढं सांगा, आणि नंबर बदलायचाय."

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

"नाव?"

ते तिने ठरवूनच ठेवलं नव्हतं. "शिबिला," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

बाईंनी नाव लिहून घेतलं. सौदामिनीची मुलगी शिबिला; आई हिंदू, लेकीचं नाव मुसलमान. सकाळचा आवाजही त्यांनी ओळखला असणार. "नंबर सांग पोरी," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मनासारखं झालं होतं. शिबिलाने श्रीरागला कळवलं, आणि उम्माने पुढ्यात ठेवलेले कप्पाचे उकडलेले कंद नि मत्ती मासे तिने चाटूनपुसून खाल्ले.

ऊन उतरताना फोन आला. लँडलाइन नव्हे, व्हिडिओ. पडद्यावर चष्मा, मास्क आणि निळा प्लॅस्टिकचा अंगरखा.

"सौदामिनींची मुलगी ना? मी वॉर्डातली सिस्टर. डॉक्टर आता घशात नळी घालणार आहेत, मग बोलता येणार नाही. माझ्या मोबाईलवरून लावलाय. दोन मिनिटं आहेत, बोलून घ्या."

"सिस्टर, थांबा! मुलगा... दुसऱ्या नंबरवर लावा, मी सांगते नंबर, मुलाशी बोलू द्या त्यांना."

सिस्टरने नंबर लावून पाहिला. व्यग्र. पुन्हा लावला. व्यग्र. "वेळ चाललाय हो," ती म्हणाली आणि परत शिबिलाकडे आली. इकडे उम्मा आपल्या मोबाईलवरून श्रीरागला लावत सुटली होती. लावला की व्यग्र, लावला की व्यग्र. तिकडे तो कोणाकोणाचा धीर स्वीकारत बसला होता.

पडद्यावर अम्मांचा चेहरा आला. मास्कखाली तो फार लहान दिसत होता.

"कोण?"

"अम्मा, मी शिबिला. श्रीरागच्या कॉलेजातली."

अम्मांनी डोळे बारीक केले. "भांडणारी?"

"हो अम्मा. तीच."

"तो कुठाय?"

"फोनवर आहे. लावतोय आम्ही, आत्ता लागेल."

"त्याचा फोन... कधी मोकळा असतो?" तक्रार नव्हती त्यात. थोडा अभिमानच होता. त्या दम घेत राहिल्या. शिबिलाला कितीतरी बोलायचं होतं. 

"त्याला सांग," अम्मा म्हणाल्या, "मी त्या दिवशी तांदूळ-उडीद भिजत घातले होते. डोशाचे. मोरीजवळ पातेलं आहे, झाकलेलं. आंबून घाण झाली असेल. त्याला वास येत नाहीये ना सध्या... त्याला कळणारही नाही. टाकून दे म्हणावं."

"सांगते."

"आणि पातेलं घासून ठेव म्हणावं."

"सांगते अम्मा."

मग पुन्हा निळा अंगरखा दिसला, सिस्टर काहीतरी म्हणाली, आणि फोन बंद झाला. सौदामिनीअम्मांचं त्यानंतर कोणाशीच बोलणं झालं नाही.

उम्माच्या हातातला मोबाईल त्यानंतर तीनच मिनिटांनी लागला. शिबिलाने तो ओढून घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नळीचं, व्हिडिओचं, दोन मिनिटांचं. भाषणातल्यासारखे शब्द शोधले नाहीत.

 तो ओरडला. "तुला कोणी सांगितलं होतं नंबर बदलायला? कोणी सांगितलं होतं? माझा काल चुकला, पण आज चुकला नसता! सगळ्यात तुला पुढे पुढे करायचं असतं, सगळ्यात! माझी आई आहे ती!"

दीड वर्षात ते दोघे शेकडो वेळा भांडले होते. आज ती उलट बोलली नाही. आणि ती उलट बोलत नाही म्हटल्यावर त्याचं ओरडणं आपोआप थांबलं. कानात टुकटुक वाजत होतं, त्याच्याकडे कोणाचा तरी फोन येत होता. मग आणखी कोणाचा. तो घेत नव्हता.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

शिबिलाने सांगितलं. तांदूळ, उडीद, मोरीजवळचं पातेलं. वास येत नाही म्हणून तुला कळणार नाही, असं म्हणाल्या. टाकून दे म्हणाल्या. पातेलं घासून ठेव म्हणाल्या.

"अजून?"

"एवढंच."

त्याच्या चपलांचा आवाज आला. दार करकरलं. मग काहीतरी धातूचं सरकवल्याचा आवाज.

"आहे," तो म्हणाला.

"खराब झालंय का?"

"फेस वर आलाय. बुरशी पण आहे." तो श्वास घेताना तिला ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा, नाकाने, जोर लावून. "मला काहीच वास येत नाहीये ग."

"टाक रे ते. अम्मांनी सांगितलंय."

झाकण परत ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू.

"टाकतो," श्रीराग म्हणाला. "आज राहू दे."