तीन कोपऱ्यांचं पिक

मास्तरांच्या आयुष्यात तत्त्वांची गर्दी नव्हती. एकच होतं, पण ते पक्कं होतं: बेस गिटार बोटांनीच वाजवायची. पिकानं, म्हणजे तार छेडायच्या त्या छोट्या चकतीनं, वाजवणारा म्हणजे हातमोजे घालून कणीक मळणारा. हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत इतक्या वेळा ऐकवलं होतं, की 'हातमोजे' म्हटलं की बायको कणकेपर्यंतचा प्रवास स्वतःच उरकून टाकायची.

आणि आता उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, नेमकी कमावती दोन, संपावर गेली होती.

"सांधे झिजलेत," डॉक्टर म्हणाले. "आराम द्या."

"किती दिवस?"

"दिवसांत मोजू नका."

मास्तर ज्या हॉटेलात रोज दुपारी चार ते सात या वेळात चहा पिणाऱ्यांच्या कानावर संगीत घालत, तिथे नेमका नवा मॅनेजर आला होता. शनिवारी तो बँड ऐकणार होता. बेसवाला हवाच कशाला, असं त्याने कॅप्टनला विचारलंही होतं. कॅप्टन म्हणजे कीबोर्ड वाजवणारा, बँडचा प्रमुख. "शनिवारी नीट वाजव हं, मास्तर," एवढंच तो म्हणाला होता, आणि एरवी तो एवढंही म्हणत नसे.

म्हणजे शनिवारच्या आत पिक घेणं आलं. तेही असं, की वाजवताना खट् आवाज येऊ नये आणि कुणाला कळू नये.

पिक वाजवून बघू देणारं दुकान शहरात एकच होतं, आणि तिथे मास्तरांचा धाकटा भाऊ कामाला होता. त्याच्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मास्तरांनी बहिणीकडून, सहज विचारल्यासारखं करून, त्याचा सुट्टीचा वार काढून घेतला. मंगळवार. बहिणीने तो सांगितला, आणि सहज सांगितल्यासारखं करून धाकट्यालाही कळवलं.

मंगळवारी धाकटा काउंटरमागे उभा होता.

"या साहेब," तो म्हणाला. "काय दाखवू?"

मास्तर दारातून परत फिरले असते, पण दार आत ढकलायचं की बाहेर, हे ऐनवेळी आठवेना.

"विद्यार्थ्यासाठी पिक हवंय. बेसचं."

"वय काय विद्यार्थ्याचं?"

"असेल... माझ्या आसपास."

"उशिरा सुचलं शिकायचं."

"सुचलं खरं."

धाकट्याने खण ओढून काउंटरवर ठेवला आणि भिंतीवरची गिटार काढून दिली. पहिलं पिक पातळ होतं. तारेला लागताच वाकलं आणि पंख्यात कागद अडकावा तसं फडफडलं.

"हे साध्या गिटारवाल्यांचं," धाकटा म्हणाला. "बेसच्या तारेपुढे लोटांगण घालतं. दुसरं घ्या."

दुसरं जाड होतं, पण इवलंसं. मास्तरांनी ते चिमटीत धरलं, बोटांतून कळ गेली आणि पिक टप्पकन खाली पडलं. दोघंही ते उचलायला वाकले नाहीत.

"विद्यार्थ्याची बोटं दुखतात वाटतं?"

"थोडी."

तिसरं जाड लोकरी कापडाचं होतं. आवाज गोल आला, थेट बोटांसारखा. मास्तरांचा चेहरा उजळला. "हेच द्या. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"लागू नये असं आहे का?"

"लोक बोलतात हो."

"बोलतात. काही लोक तर फारच बोलतात." धाकट्याने ते पिक काढून घेतलं. "महिनाभरात झिजेल, तारांत लोकर पडेल. लपवायला बरं आहे, वाजवायला नाही."

मग त्याने खणाच्या कोपऱ्यातून एक मोठं, तीन कोपऱ्यांचं पिक काढलं. "हे. धरायला ऐसपैस, बोटांना ताण नाही. एक कोपरा झिजला की फिरवायचं. विद्यार्थ्याला सांगा, आवळून धरायचं नाही. त्याला सवय असेल."

मास्तरांनी तार छेडली, आणि त्यांचा हात थांबला. हा आवाज त्यांनी धाकट्याच्या बंद दारामागून वर्षानुवर्षं ऐकला होता.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन महिने त्यांच्या जागी धाकटा वाजवत होता. मास्तर परतले तेव्हा कॅप्टन म्हणाला होता, "दोघं भाऊ आठवडा वाटून घ्या की." मास्तर बँडमध्ये काहीच बोलले नाहीत. घरी बोलले. हातमोजे, कणीक, सगळं. पिकवाल्याबरोबर मी वाटणी करणार नाही, म्हणाले. धाकटा आठवड्याभरात दुकानात लागला. गिटार त्याला मास्तरांनीच शिकवली होती. तेव्हा, दिलेलं परत घेतलं, एवढंच काय ते झालं, असं मास्तर स्वतःला सांगत आले होते.

"हे कोण वापरतं?" त्यांनी विचारलं.

"वापरायचा एक जण," धाकटा म्हणाला. "आता विकतो. कागदात बांधू का, साहेब?"

शनिवारी मास्तरांनी ते पिक मुठीत लपवून वाजवलं. तिसऱ्या गाण्याला मॅनेजरने कप खाली ठेवला. पाचव्याला त्याचा पाय हलायला लागला. सात वाजता कॅप्टन धावतच आला.

"मास्तर! नोकरीत राहिलास बाबा! अरे, हा आवाज अकरा वर्षांनी ऐकला."

"म्हणजे?"

"धाकटा गेल्यापासून मी हॉलातल्या स्पीकरमधला तुझा आवाज बंदच ठेवायचो रे. बेसचे खालचे सूर कीबोर्डवर डाव्या हाताने मीच भरायचो. आज वादनाआधी तपासायला म्हणून तुझा आवाज खोलला, तर काय!"

"पण मला ऐकू यायचं."

"तुझ्या पायाशी तो छोटा स्पीकर आहे ना? तो फक्त तुझ्यासाठी. म्हटलं, उगाच मन कशाला मोडा." कॅप्टनने वायर गुंडाळायला घेतली. "धाकट्याने का सोडलं रे? आम्हाला म्हणाला, कंटाळा आलाय, दादाच बरा. आणि हे तू कुणाकडून शिकलास?"

"एका विद्यार्थ्याकडून."

"मग आण की त्याला! मॅनेजर म्हणतोय, रोज असं वाजलं पाहिजे. तुझी बोटं काय रोज टिकायची नाहीत, मला दिसतात ती. आठवडा वाटून घ्या. विचारतोस त्याला?"

मास्तरांनी खिशात हात घातला. पिक अजून गरम होतं. समोर मॅनेजर आणखी एक कप मागवत होता आणि लांबूनच त्यांच्याकडे बघून मान डोलवत होता. अकरा वर्षांत त्यांच्याकडे बघून कुणी मान डोलवली नव्हती. का, ते आता कळलं होतं.

"त्याला विचारून उपयोग नाही," मास्तर म्हणाले. "त्याला कंटाळा आलाय."

"अरेरे," कॅप्टन म्हणाला. "मग राहू दे. तूच बरा."

मास्तरांनी खिशातल्या खिशात पिक फिरवून दुसरा कोपरा पुढे घेतला. पहिला अजून मुळीच झिजला नव्हता.