उर्वीच्या गळ्याची शपथ

नकाशा टेबलावर पसरलेला, त्याच्या एका कोपऱ्यावर पोह्यांची बशी, दुसऱ्यावर गाडीची चावी. निशांतचं बोट सातपुड्याच्या जंगलातून निघून पिपरिया, जबलपूर, मंडला करत कान्ह्याकडे सरकत होतं, आणि त्याची बायको अमिता नकाशाऐवजी सासऱ्यांकडेच बघत होती.

"सातपुड्यापर्यंत मी चालवतो," निशांत म्हणाला. "तिथून कान्ह्यापर्यंत बाबा. मला ऑफिसचे कॉल आहेत, मी मागे बसतो."

"मी आजोबांच्या शेजारी! पुढची सीट माझी, फायनल!" उर्वी ओरडली.

"बिलकुल!" मालोजीराव मिशीवर बोट फिरवत म्हणाले. "टेंशनच नको. सारी उमर गाडी चालवण्यात गेली माझी."

खरंच होतं ते. लग्न होऊन आल्यापासून अमिताने सासऱ्यांना कधी रस्ता विचारताना पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात दोघं हातोदला गव्हाचं बघायला निघाली. हातोद इंदूरच्या पश्चिमेला, आणि गाडी सुटली भलतीकडेच, मुंबई रोडने. बाबांचं दुसरं काही काम असेल म्हणून ही गप्प. सासऱ्यांना कोण टोकणार! मानपूर आलं आणि त्यांनी भर हायवेवर गाडी उभी केली. मागून ट्रक हॉर्न देत अंगावर येतायत, आणि हा माणूस तिच्याकडे बघून विचारतोय, "आपण कुठे चाललोय गं?"

भानावर आल्यावर ते रडले. आणि मग, काय म्हणावं या माणसाला, म्हणाले, "घरात बोलायचं नाही. उर्वीच्या गळ्याची शपथ आहे तुला."

झालं! नातीच्या गळ्याची! दुसऱ्या कुणाची सुचली नाही? अमिता शाळेत विज्ञान शिकवायची, शपथ-बिपथ सगळं बकवास म्हणून वर्गात ठणकावून सांगायची. पण स्वतःच्या पोरीच्या बाबतीत कुठली आलीय हिंमत! बोलावं तर उर्वीला काही होईल, आणि न बोलावं तर तीच उर्वी पुढच्या सीटवर, त्या ट्रकांसमोर.

"चला, बुकिंग करून टाकतो." निशांतने फोन उचलला.

"थांब!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सांगायची तर सोय नव्हती. पण ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, हात जोडते. सुटली म्हणा."

"काय सुटली?"

"शपथ. तुम्ही घातलेली. मानपूरला."

निशांत हसला. "हे काय नवीन नाटक?"

बाबा चिडतील, डोळे वटारतील, याची अमिताने तयारी ठेवली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडीही नव्हती. कपाळाला आठ्या घालून ते अगदी मनापासून आठवत होते.

"मानपूरला?" ते म्हणाले. "मानपूरला कधी गेलो गं आपण?"

निशांतचं हसू मावळलं. त्याने वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि नकाशावरची चावी उचलून खिशात टाकली.

उर्वीने आजोबांचा हात धरला. "म्हणा ना सुटली. आई घाबरलीये."

"सुटली, बेटा, सुटली," मालोजीराव म्हणाले. "पण काय झालंय, ते मला कुणीतरी सांगा रे."