एकास सत्त्याऐंशी

अंबाजोगाईत रेल्वे नाही.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे बाई एकास दोन.

खाट साडेसहा बाय तीन. सागवानी. एक पाय जरा आखूड.

व्याही चन्नप्पा चहात साखर नको म्हणतात आणि बिस्किटं सात खातात.

भिंतीला प्लास्टर करताना एक पाटी सिमेंटला सहा पाट्या वाळू.

जवळचं स्टेशन घाटनांदूर; तिथल्या फलाटावर एक कुत्रं झोपलेलं असतं. एकशेसाठ पटीने लहान केलं तर ते मुंगीएवढं होईल, आणि तरी उठणार नाही.

केदारनाथ अंबाजोगाई डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होता. 'पुढं सरका' हे सोडलं तर त्याने कुणालाही कधी ठामपणे काही सांगितलेलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याला घरात रेल्वे करायची होती. खेळण्यातली नव्हे, हुबेहूब, फक्त लहान. रूळ, सिग्नल, डोंगर, फलाट, आणि फलाटावर पिवळी पाटी: अंबाजोगाई. सरकार आणत नसेल तर आपण आणू, आणि तीही वेळेवर सोडू, असा त्याचा जाहीरनामा होता.

गाडी अडली होती मापावर.

मापं दोन. एचओ म्हणजे खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. डबा वीतभराहून लांब, खिडकीचे गजसुद्धा दिसतात. एन म्हणजे एकशेसाठावा हिस्सा. डबा पेनाएवढा, गज दिसत नाहीत, ते आहेत असं मानायचं. एचओला आठ बाय चार फुटांचं टेबल लागतं आणि भोवती फिरायला वाट. एन चार बाय अडीचमध्ये मावतं.

घरात जादा खोली एकच. दहा बाय नऊ. तिच्यात कावेरीची खाट.

कावेरी ही केदारनाथची मुलगी, सिरसाळ्याला दिलेली. मार्चमध्ये चार दिवसांसाठी आली होती. आता जून संपत आला होता. सिरसाळ्यात ती सासऱ्यांच्या, म्हणजे चन्नप्पांच्या, खत-बियाण्याच्या दुकानात पोती मोजायची. इथे एका खासगी लॅबमध्ये ती रक्त तपासू लागली होती, जे ती शिकली होती. तिच्या नवऱ्याचं नाव या गोष्टीत लागत नाही. त्याच्या घरातही ते फारसं लागत नसे.

तर:

एचओ = टेबल + वाट − खाट
एन = टेबल + खाट
खाट गेली = कावेरी गेली

हे गणित घरात तिघांनाही येत होतं. तोंडाने कुणी मांडत नव्हतं. तोंडाने सगळे मापाबद्दल बोलत होते.

"एन लई बारीक हाय," केदारनाथ म्हणाला.

"तुमाला मोतीबिंदू हाय," त्याची बायको गंगासागर म्हणाली. "खरी रेल्वे आणून उभी केली तरी तुमी तिला भिंत म्हणताल."

"म्हणूनच म्हणतो, मोठं माप बरं."

"मोठं कुणासाठी बरं?"

केदारनाथने पेपर उघडला. पेपर कालचा होता.

कावेरी जेवता जेवता म्हणाली, "अप्पा, एनमधला माणूस केवढा असतो?"

"सेंटीमीटरभर."

"मंग धिप्पाडच की. मी दिवसभर त्याच्याहून बारीक मोजते."

केदारनाथने पेपरचं पान उलटलं.

शनिवारी सकाळी टेबलाचं माप घ्यायला सुग्रीव मिस्त्री आला. सुग्रीव सुतारकामही करायचा आणि गवंडीकामही, आणि दोन्हीत सारखाच भांडायचा. केदारनाथने त्याच्या हातात कागद दिला. "सध्या हे धर," तो म्हणाला. ठरवलं असं म्हणायची त्याची तयारी नव्हती. कागदावर इंग्रजी दोन अक्षरं होती, खाली १:८७, त्याखाली ८ बाय ४.

"एकास सत्त्याऐंशी?" सुग्रीवने कागद उलटा करून पाहिला. "मालक, एकास सहाच्या पुढं गेलं की भिताडाला काय ऱ्हात न्हाई. सत्त्याऐंशीला तर फुंकर मारली तरी पडंल."

"ते सिमेंटचं न्हाई बे. आगगाडीचं हाय."

"आगगाडीत वाळू किती घालायची?"

"वाळू न्हाई. खरी गाडी सत्त्याऐंशी, आपली एक."

"आणि बाकीच्या शहाऐंशी कुठं ठेवायच्या?"

केदारनाथने त्याला टेप दिला आणि स्वतः भाजी आणायला गेला. घरात भाजी होती.

सुग्रीवची एक पद्धत होती. कागद हरवतात म्हणून तो माप खडूने दारावरच लिहायचा. इंग्रजी अक्षरं जोडून वाचली की जे होतं, ते त्याने मराठीत लिहिलं. कावेरीच्या खोलीच्या दारावर, हातभर मोठं:

हो
८ × ४

त्याच्या शेजारी त्याने खाटेचं चित्र काढलं, त्यावर फुली मारली, बाहेरच्या बाजूला बाण दाखवला आणि जेवायला गेला.

दुपारी कावेरी लॅबमधून आली आणि दारासमोर थांबली.

"हे काय?"

"मिस्त्रीचं हाय," केदारनाथ म्हणाला. "माप हाय ते."

"कुणाला हो?"

"कुणाला न्हाई. एचओ."

"अप्पा, उद्या सिरसाळ्याचे येणार हायत. मला न्यायला. तुमाला जे सांगायचं ते सांगा. पण रेल्वेचं निमित्त नका करू."

ती आत गेली. दार तिने आपटलं नाही. अलगद लावलं, म्हणून गंगासागर स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नवऱ्याकडे नुसती बघत उभी राहिली.

रविवारी चन्नप्पा दोन पाहुणे घेऊन आले. चहा झाला, पावसाचं झालं, सोयाबीनचं झालं.

"मग," चन्नप्पा म्हणाले, "चार दिवसांचे चार महिने होत आले. पाठवताय नव्हं आज? तुमच्या जावयाचं खाणं-पिणं बिघडलंय."

"त्याला स्वयंपाक येत न्हाई का?" गंगासागरने विचारलं.

"यायला हवा कावून?" चन्नप्पांना हा प्रश्न खरंच नवा होता. उत्तर शोधायला त्यांनी मान वळवली आणि दार दिसलं. "अहो! लिहूनच ठेवलंय की! हो! खाटबी काढायची हाय म्हणा. लई झाक. पाहुणं, उठा, पिशव्या घ्या पोरीच्या."

एक पाहुणा खरंच उठला.

केदारनाथही उठला. एकतीस वर्षांत त्याने भरल्या एसटीत वाट काढली होती, पण हॉलमधलं हे आठ फुटांचं अंतर त्याला फार वाटलं. खांद्यावरच्या पंच्याने त्याने दार पुसलं. 'हो' गेला, फुली गेली, बाण गेला, पांढरा धूर राहिला. सुग्रीवने कोनाड्यात टाकलेला खडू घेऊन त्याने लिहिलं:

न

"न?" चन्नप्पा म्हणाले. "न म्हंजी नंतर का?"

"न म्हंजी एन. एकास एकशेसाठ. टेबल लहान होतंय. खाट ऱ्हाईल."

"मी सुनेचं विचारतोय, तुमी खाटेचं काय सांगताय?"

"खाटेवर तीच झोपती."

उठलेला पाहुणा उभ्यानेच खिसे चाचपू लागला, जणू त्यासाठीच उठला होता.

"दहा लोकांत काय सांगू मी?" चन्नप्पा म्हणाले.

"सांगा, जागा न्हाई," केदारनाथ म्हणाला. मग त्याला ते कमी वाटलं. "न्हाई, तसं नका सांगू. सांगा, बाप न्हाई म्हणाला. ती म्हणली तर येईल. मी न्हाई पाठवणार."

कावेरी दार उघडून बाहेर आली, खांद्याला पर्स लावून. "मामंजी, चहा घेतलात ना? मला रविवारची ड्युटी हाय." चन्नप्पांच्या पाया पडली आणि चपला घालून गेली.

सुग्रीवने चार बाय अडीचचं टेबल केलं आणि विचारलं, आता वाळू किती. गाडी पेनाएवढी आली. खिडकीचे गज केदारनाथला दिसत नाहीत. संध्याकाळी कावेरी टेबलावर वाकून त्याला सांगते, आता पाटीपाशी आली, आता वळली. तो शिट्टी वाजवतो. कंडक्टरची, डबल बेलसारखी, जी रेल्वेत चालत नाही.

मार्चमध्ये चार दिवसांसाठी म्हणून सिरसाळ्याहून येताना कावेरीने एसटीत स्वतःचं अर्धं तिकीट काढलं होतं, आणि दोन लोखंडी पेट्यांचं लगेजचं पूर्ण तिकीट.